मायक्रॉनकाकांचा भाला

आमच्या मायक्रॉनकाकांनी एकदा गरम पोळीची जाडी मोजली होती. ऐकीव गोष्ट नाही, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरी, मी हौसेनं जेवायला बोलावलं होतं तेव्हा! शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला, पोळीची कड अलगद त्यात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मध्ये एक पूर्णांक चार, कडेला दोन पूर्णांक एक. लाटताना उजवा हात जड पडतो तुझा." मी पोळपाट त्यांच्या डोक्यात घालणार होते, पण काकू आधी बोलल्या. "अहो, पोळी आहे ती. खायची असते." काका जर्मनमध्ये "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाले आणि निमूट जेवले. चार पोळ्या खाल्ल्या, त्या जाड कडांसकट.

त्सुफेनहाउझेनच्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि ते दोघं तिसऱ्या. काका तरुणपणी पुण्याहून जर्मनीत आले आणि यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या मापनाच्या खोलीत जे शिरले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. केसाची जाडीसुद्धा ढोबळ वाटावी असलं त्यांचं काम. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, त्यावरून मायक्रॉनकाका हे नाव मीच ठेवलेलं. तोंडावर अर्थात नुसतं काका. कुणी काहीही विधान केलं की काका विचारायचे, "मोजलंयस का? मग बोल." त्यांच्या घरात 'अंदाजे' या शब्दाला बंदी होती. काकू म्हणायच्या, "लग्न तेवढं अंदाजे केलं यांनी."

निवृत्तीनंतर वर्षभरात काका चहा अर्धाच कप मागायला लागले. व्हर्नियर खिशातून बाहेर येईनासा झाला. मला वाटलं, चला, वय झालं, माणूस सुधारला! एक दिवस काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात कचऱ्याच्या दोन पिशव्या, एक कागदाची, एक प्लास्टिकची. "हात थरथरतो गं त्यांचा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पार्किन्सन. हळूहळू वाढत जाणार. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत. तू काही कुणी नाहीस, म्हणून सांगतेय." मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. पिशव्या मी खाली नेऊन टाकल्या.

पुढच्याच रविवारी काकांनी कॉफी पिता पिता जाहीर केलं, "आल्झो, तर, मी भाला करणार आहे."

"कुणाला मारायचंय?" काकूंनी विचारलं.

"जपानी भाला. शिकारीचा. हात चालताहेत तोवर एक वस्तू हातानं करायची. मशीन नाही, आणि दुसऱ्या कुणाचा हातही नाही."

"हातानं काही करायचंच असेल तर बाल्कनीतलं कपाट लावा आधी."

भाल्यामागे एक जुनं दुखणं होतं. कंपनीनं काकांना एकदा जपानला पाठवलं होतं. तिकडे उत्तरेच्या डोंगरात अस्वलाची शिकार करणारे लोक असतात, त्यांचं हत्यार काकांनी एका लोहाराकडे पाहिलं. दिसायला नुसता लांब सुरा, पण त्याची मूठ पोकळ. त्या पोकळ मुठीत काठी ठोकली की झाला भाला! आणि पातं नि मूठ दोन्ही एकाच पोलादी पट्टीतून ठोकून काढलेली, कुठे जोड नाही. काकांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "या नळीचा टॉलरन्स किती ठेवता?" म्हणजे माप किती इकडेतिकडे झालेलं चालतं. म्हातारा लोहार इतका हसला, इतका हसला, की शेवटी ऐरणीवर टेकला. "हातानं करतो," एवढंच त्यानं सांगितलं. "चारचौघांत हसला गं माझ्यावर," काका मला म्हणाले, आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या अपमानानं त्यांचे कान लाल झाले.

आता इमारतीच्या तळघरात ऐरण मांडली असती तर शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी हाउसऑर्डनुंगची, म्हणजे इमारतीच्या नियमांची, प्रत दारात लावली असती. म्हणून काकांनी अर्ध्या तासावरच्या एका गावात लोहारकाम करणारी बाई शोधून काढली. तिचं नाव गुड्रून. उंचीनं दाराएवढी, बोलणं अस्सल इथल्या श्वाबियन बोलीतलं, हसणं घणासारखं. ती शनिवारी हौशी लोकांना भट्टी वापरू द्यायची. काका दर शनिवारी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी काजळी माखून यायचे. काकू दार उघडून म्हणायच्या, "या, इंजिन आलं."

एकदा मी कामावरून परतताना एस-बानच्या लोकलमध्ये काका दिसले. हातात पुरुषभर उंचीचा गुळगुळीत दांडा. पातं अर्थात भट्टीवरच ठेवलेलं. गाडीत नेलं असतं तर काका पोलिसचौकीतच उतरले असते. तिकीट तपासनिसानं विचारलं, हे काय? काकांनी इमानेइतबारे सांगितलं, "शिकारीच्या भाल्याचा दांडा." मी घाईघाईनं मध्ये पडले आणि पडद्याची काठी आहे म्हणाले. तो गेल्यावर काका मलाच रागावले. "पडद्याच्या काठीला कोणी अ‍ॅशचं लाकूड वापरतं का? अज्ञान दिसतं आपलं."

पातं लवकर झालं. घोडं अडलं ते मुठीच्या नळीपाशी. पट्टीचा अर्धा भाग ठोकून ठोकून पंख्यासारखा पातळ पसरायचा आणि मग तो लालभडक असताना एका निमुळत्या लोखंडी खुंटीभोवती वळवून त्याची नळी करायची. कधी पत्रा फाटायचा, कधी नळी वाकडी. काकांनी फोनवरचा फोटो दाखवला तेव्हा काकूंनी एका नजरेत निदान केलं. "हा तर भेळेचा कोन! तुम्ही टोकापासून वळवताय. रुंद कडेकडून सुरुवात करा, टोक आपोआप येतं." काकांनी नाक मुरडलं. पुढच्या शनिवारी नळी झाली, आणि ती कशी वळवली याबद्दल काकांनी चकार शब्द काढला नाही.

आता काठी बसवायची. इथे काकांमधला मापनाच्या खोलीतला माणूस जागा झाला. नळीचं आतलं माप आठ ठिकाणी घेतलं, तक्ता केला, आणि आमच्या कोरड्याठाक, उबदार तळघरात बसून, पॉलिशपेपरनं घासून घासून, दांडा इतका तंतोतंत केला की भट्टीवर नेल्यावर तो नळीत सरकताना हवेचा 'फुस्स' आवाज आला. काकांनी तो आवाज फोनवर टिपून मला तीनदा ऐकवला. पण पातं आणि दांडा दोन्ही राहिले गुड्रूनच्या भट्टीशेजारच्या दमट कोठीत. लाकूड फुगलं, आणि दांडा नळीत जो रुतला तो रुतलाच. ओढला, पिळला, गुड्रूननं पाय लावून खेचला. हलेना! शेवटी लाकूड आतल्या आत जाळून काढावं लागलं, त्या आगीत पात्याची धार मऊ पडली, आणि ती परत कडक करायला तापवून पाण्यात बुडवलं तेव्हा 'टिंग' झालं. पात्याला आरपार तडा.

"शिकारी जंगलात कुठलीही फांदी तोडतो आणि ठोकतो," काकांना आणायला मी भट्टीवर गेले तेव्हा गुड्रून मला हळूच म्हणाली. "ती निघावी म्हणूनच तर नळी ढिली असते. पण हे यांना कोण सांगणार?" हत्याराची सगळी गंमत ज्या ढिलेपणात, तोच ढिलेपणा बत्तीस वर्षं पगार घेऊन नाहीसा करणारा हा माणूस! मला हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. एवढ्या महिन्यांत हात फार बिघडला होता. दुसरी पट्टी तापवली तेव्हा हातोडा पट्टीवर कमी आणि ऐरणीवर जास्त पडायला लागला. तिसऱ्या शनिवारी काकांनी एप्रन काढून, घडी घालून गुड्रूनला दिला आणि म्हणाले, आता येणार नाही.

दोन शनिवार काका घरीच बसले. मग एका संध्याकाळी काकू माझ्या दारात उभ्या. हातात काकांची वही. "हे बघ. मला वाचता येतं हे विसरलेत ते." वहीत पेन्सिलीनं चित्र काढलेलं: ऐरणीपाशी दोन माणसं. खाली लिहिलेलं, 'मोठा घण जोडीदाराच्या हातात. उस्ताद लहान हातोडीनं फक्त जागा दाखवतो.' म्हणजे जपानी लोहारही एकट्यानं करत नाहीत! आणि हे काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या ओळीवर लाल पेनानं काट मारलेली, तीही पट्टी लावून, सरळ.

"मेला हट्ट," काकू म्हणाल्या. डोळे भरलेले, पण आवाज कडक. "शनिवारी तुझी गाडी काढ. त्यांना म्हणावं, भाजी आणायला जातोय."

अर्ध्या वाटेत काकांनी रस्ता ओळखला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. भट्टीवर काकूंनी ओढणी कमरेला खोचली, गुड्रूननं त्यांना एप्रन बांधला. तो त्यांच्या घोट्यांपर्यंत आला. काका म्हणाले, "अगं, हे तुझं काम नाही. मला माझ्या हातानं करायचंय." काकूंनी लांब दांड्याचा घण उचलून वजन बघितलं. "चाळीस वर्षांचा राग आहे माझ्याकडे. कुठे मारायचं तेवढं सांगा."

गुड्रूननं चिमट्यात पट्टी धरली, लालभडक. काकांनी लहान हातोडी उचलली. हात थरथरत होता, त्यामुळे ती एकदा टेकण्याऐवजी तीन-चारदा टकटकायची, कधी इथे, कधी बोटभर तिथे. मला कळेना, यातली खरी जागा कुठली. गुड्रूनही बघत राहिली. पण काकूंचा घण बरोब्बर पडायचा! काका मान डोलवायचे. टकटक-टकटक, धाड. टकटक, धाड. मध्येच काका ओरडले, "थंड होतंय, थांब!" तर काकू म्हणाल्या, "मला तापलेलं नि थंड झालेलं शिकवू नका, आयुष्य तव्यापुढे गेलंय." गुड्रून श्वाबियनमधून काही म्हणाली, काकूंनी मराठीतून उत्तर दिलं, आणि दोघी एकाच वेळी हसल्या. मी आडोशाला जाऊन डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

सहा शनिवार लागले. नळी थोडी वाकडी झाली, पात्यावर घणाचे डाग राहिले. गुड्रूननं मागच्या रानातली हेझेलची एक ओबडधोबड फांदी तोडली, टोक जेमतेम तासलं आणि नळीत ठोकली. बसली. उलटं आपटलं, निघाली. काकांनी फांदी हातात घेतली, या कडेनं, त्या कडेनं पाहिली. खिशाकडे हात गेला नाही. "अंदाजे बरी बसलीय," ते म्हणाले. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाईघाईनं डबा उघडला, न जाणो, काका शब्द परत घ्यायचे!

तोवर त्यांचं जाणं ठरलं होतं. त्यांची मुलगी ड्युसेलडॉर्फला असते, तिच्याकडे. आता तिसरा मजला झेपणार नव्हता. जायच्या आधीच्या शनिवारी एकच काम उरलं होतं. जुने लोहार नळीवर आपलं नाव ठोकत, तसं नाव घालायचं. हे मात्र काका कुणाला करू देईनात. आम्हाला दोघींना त्यांनी बाहेर बाकावर बसवलं. आतून अक्षराच्या ठशावरचा एकेक ठोका यायचा, मग बराच वेळ शांतता, मग पुढचा. ठोक्यागणिक एक, अशा पाच अक्षरांना पाऊण तास लागला. मी मनात मोजलं, काकांच्या नावात तर रोमन लिपीत सात अक्षरं आहेत.

काका बाहेर आले, घामाघूम. पातं काकूंच्या मांडीवर ठेवलं. नळीवर एकाही ओळीत न बसणारी पाच अक्षरं होती, एक वर, एक खाली, एक पार कलंडलेलं: SUMAN. काकूंचं नाव. मी इतकी वर्षं शेजारी राहिले, पण ते मला माहीत नव्हतं.

"अहो, हे काय?" काकू म्हणाल्या. "भाला तुमचा."

"करणाऱ्याचं नाव घालतात," काका म्हणाले.

परतताना मी गाडी चालवत होते, काका माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेले, काकू मागे, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातं. या दोघांशिवाय मला या इमारतीत करमणार नाही, हे त्या अर्ध्या तासात मला पक्कं कळलं. काकू मध्येच टॉवेल बाजूला सारून अक्षरांवरून बोट फिरवायच्या.

"चाळीस वर्षांत कशावर माझं नाव नव्हतं गं," त्या मला म्हणाल्या. "दाराच्या घंटीवर आडनाव, बँकेच्या पत्रावर यांच्यामागे मी. आणि हे बघ, किती वाकडं घातलंय."

"ऐकू येतंय मला," काका डोळे न उघडता म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय," काकू म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत बोलत राहिल्या.