‘हात बसला नाही’ आणि स्टिअरिंगचं काळं तेल

रविवारी सकाळी डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीचं बॉनेट उघडून उभी होते. हातात मोठी सिरिंज आणि डोकं नुसतं तापलेलं... राग गेल्यावर लिहू म्हटलं होतं, पण तो जायचं नाव घेत नाहीये.

माझी आई दिव्याला राहते. पॅरालिसिसनंतर ती उजवा पाय ओढत चालते आणि फिजिओथेरपी कल्याणला. डॉक्टरांनी बजावलेलं, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे, खंड पडू देऊ नका. रिक्षात तिची हाडं खिळखिळी होतात, म्हणून मी ड्रायव्हिंग शिकले आणि आम्ही सेकंडहँड गाडी घेतली.

डीलर ठाण्याचा. माझा धाकटा दीर प्रशांत, त्याच्या मित्राचा मित्र... म्हणजे ‘आपलाच माणूस’! गाडी बघायला अख्खं घर गेलं. सासूबाईंनी सीटकव्हर बघितलं, नवऱ्याने एसी, प्रशांतने स्पीकर. मग बॉनेट उघडून पुरुषमंडळी कमरेवर हात ठेवून आत बघत उभी राहिली आणि ‘इंजिन स्वच्छ आहे’ असा निकाल दिला. फडक्याने पुसलेलं होतं, स्वच्छ असणारच ना!

पहिल्याच आठवड्यात स्टिअरिंग जड लागायला लागलं. वळवताना पुढून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. मी घरी सांगितलं.

“अगं, हात बसला नाही तुझा अजून,” इति नवरा.

“वहिनी, बायकांना जड वाटतंच. मी शिळफाट्यापर्यंत नेऊन आणली, काहीच नाही!” इति प्रशांत. सरळ रस्त्यावर काय जड लागणार होतं, कपाळ?

मला खरंच वाटायला लागलं की माझ्याच मनगटात जोर नाही. आणि मग तो दिव्याचा दिवस... आईच्या बिल्डिंगजवळच्या अरुंद गल्लीत वळताना स्टिअरिंग अडकल्यासारखंच झालं. मागे टेम्पो, पुढे पाण्याचा टँकर, सगळे हॉर्न बडवतायत. एक बाइकवाला काचेवर टकटक करून “मॅडम, जमत नसेल तर उतरा ना” म्हणाला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकलेली आणि आई शेजारी माझ्या हातांकडे बघत बसलेली.

घरी सोडल्यावर ती म्हणाली, “आता नको गं यायला. तुझे किती हाल होतात.” कितीही विनवलं तरी ऐकेना. फिजिओ बंद!

मी गाडी घेऊन गॅरेजला गेले. “मॅडम, साहेबांना पाठवा,” मेकॅनिक म्हणाला. साहेब ऑफिसला आहेत, गाडी मी चालवते, बघा आता. त्याने नाइलाजाने पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. “तेल कमी आहे. थोडं टाकून देतो.”

“आत कुठलं आहे?”

“काय माहीत... सगळी सारखीच असतात.”

इथे माझं डोकं सटकलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते हो. आमच्याकडे लेबल नसलेली बाटली सापडली तर ती सरळ फेकून देतात, त्यात वरून दुसरं काही ओतत नाहीत! आणि ही डबी तर मलाही दिसत होती... तेल काळपट, वर फेस, वास करपलेला.

तिथूनच डीलरला फोन लावला. तो अगदी प्रेमाने म्हणाला, “ताई, विकायच्या आधी आपण प्रत्येक गाडीची लेव्हल भरून देतो ना. डबा असतोच आपल्याकडे.” कसला डबा? “तेलाचा!” म्हणजे प्रत्येक गाडीला तेल वेगळं लागतं, पण ह्याचा डबा एकच.

घरी भांडण काढलं तर नवरा म्हणतो, “जाऊ दे ना, आपलाच माणूस आहे. प्रशांतला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” प्रशांतचं तोंड महत्त्वाचं. माझ्या आईचा पाय गेला खड्ड्यात.

मग मीच करायचं ठरवलं. झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल कल्याणहून आणलं. आईला नळीने भरवायचो तेव्हाची एक कोरी सिरिंज घरात होती. जुनं तेल खेचायचं, नवं भरायचं, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं, बंद करून पुन्हा खेचायचं... नवं तेल लालभडक राहीपर्यंत. सोसायटीतले काका-मंडळी फुकटचे सल्ले देत होती. नवरा गॅलरीतून “लोक बघतायत” एवढंच म्हणत होता. बघू देत की!

आवाज गेला. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं. नवऱ्याने खाली येऊन माझ्याबरोबर एक चक्कर मारली आणि खुशाल म्हणाला, “बघ, म्हटलं नव्हतं, हात बसेल तुझा?”

मी ते काळं तेल बाटलीत भरलं, लॅबमध्ये लावतो तसं लेबल चिकटवलं, ‘तक्रार: हात बसला नाही’, आणि बाटली टीव्हीशेजारी ठेवून दिली. प्रशांत आला की आधी तिच्याकडेच बघतो.

परवा आईला जबरदस्तीने गाडीत बसवलं. त्याच गल्लीत त्याच वळणावर गाडी अलगद वळली. आई कितीतरी वेळ स्टिअरिंगकडे बघत होती.

“म्हणजे गाडीच बिघडलेली होती होय? मला वाटलं, माझंच ओझं झालंय तुला... तोंडाने बोलत नाहीस इतकंच.”

पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि तिचा हात धरून रडले. दुःखाने नाही, रागाने. इतके दिवस ती घरात बसून हे मनात धरून होती.

फिजिओ परत सुरू झालंय. पण एवढंच सांगते, घरातली बाई ‘जड लागतंय’ म्हणाली, तर आधी झाकण उघडून बघा. तिच्या हाताला नावं नंतर ठेवा.