दाराबाहेरून सांगितलेले आकडे

मी दाराबाहेर उभी होते आणि आत खुर्चीवर बसलेल्याला आकडे सांगत होते.

"एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, दहा, टिंब, पासष्ट."

तो टाइप करायचा. मग विचारायचा, "पुढं?"

जळगावातलं एक खासगी रुग्णालय. इमारत नवी, फरशीला अजून सिमेंटचा वास. तिथल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क उभारायचं काम आमच्या एजन्सीला मिळालं होतं, आणि ते बठ्ठं, म्हणजे सगळंच, माझ्याकडे होतं. केसपेपरचं काउंटर, लॅब, हिशेबाचं ऑफिस, प्रत्येकाचा वेगळा भाग. कॉम्प्युटरच्या पत्त्यांची, म्हणजे आकड्यांची, एकच रांग घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा कोणाला ते ठरवायचं. मध्ये राउटर. लॅबचा रिपोर्ट काउंटरला दिसला पाहिजे, पण काउंटरवरच्या कोणाला हिशेब उघडता येता कामा नये. कागदावर हे मी मांडलं. केबल कुठून जाईल तेही मीच खडूनं भिंतीवर आखलं. धुळ्याला डिप्लोमा करताना मला याच विषयाची गोडी लागली होती.

राउटर बसवायची खोली वरच्या मजल्यावर, मालकांच्या घरच्या देवघराला लागून. त्या दिवशी सकाळी खोलीची पूजा झाली होती. राउटरला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी चपला काढून आत पाय टाकणार, तेवढ्यात रुग्णालयाचे मालक आले. सगळे त्यांना नाना म्हणत.

"नवीन दिसता. आडनाव काय?"

मी सांगितलं.

"गाव?"

"पिंपळनेरच्या पुढं. डोंगरात."

"बरं," नाना म्हणाले. एवढंच. मग आमच्या एजन्सीवाल्या भाऊंना बाजूला घेऊन गेले.

भाऊ परत आले ते माझ्याकडे न बघता. "बेटा, आज आत माझा पुतण्या बसेल. तू इथून सांग. घरच्या बायका आहेत, पूजा झालेली आहे. समजून घे."

मी समजून घेतलं. याचीच मला सवय होती. शाळेत पाण्याच्या माठापाशी समजून घेतलं होतं, धुळ्याला भाड्याची खोली शोधताना दारोदार समजून घेतलं होतं. पाय आपोआप मागे आले.

भाऊंचा पुतण्या वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त हे काम येत नव्हतं. मी बोलायची, तो बटणं दाबायचा. मला पडदा दिसत नव्हता. आत कूलर घरघरत होता, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागायचं. जिन्यावरून येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. एका नर्सनं विचारलं, "ताई, कोणाला शोधताय?" मी काय सांगू?

जेवणाच्या सुमाराला लॅबचे निम्मे कॉम्प्युटर लागले, निम्मे लागेनात. मी म्हटलं, "मास्क बघ. शेवटचा आकडा काय टाकलास?"

"दोनशे चोवीस."

"मी एकशे ब्याण्णव सांगितला होता."

मास्कचा हा आकडा तुकडा केवढा ते ठरवतो; दोनशे चोवीस टाकला की तो निम्मा होतो. निम्मी लॅब त्याच्या बाहेर पडते. मी हे सांगत होते तोवर नाना आले. त्यांनी आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भाऊंना म्हणाले, "नीट सांगतासुद्धा येत नाही का हिला?"

भाऊ हसले. पुतण्यानं मान खाली घातली. माझा आकडा बरोबर होता हे त्या दोघांना माहीत होतं. कोणी बोललं नाही.

 

"पुढं?" पुतण्यानं आतून विचारलं.

मी आखणीच्या कागदाची घडी घातली.

"ताई, पुढं सांग ना."

भाऊ जवळ आले. "बेटा, बोल. माणसं खोळंबलीत."

"मी आत बसून करते."

"आज नको म्हटलं ना."

"मग मी सांगत पण नाही."

लॅपटॉप एजन्सीचा होता, तो आतच राहू दिला. चपला घातल्या, जिना उतरले. मागून कोणी हाक मारली नाही.

माझ्यावाचून तिथलं काही अडलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. भाऊंनी नाशिकहून माणूस आणला. नेटवर्क सुरू झालं. माझ्याच आखणीवर. माझी नोकरी गेली.

मी पोलिसांत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "जातीवरून काय बोलले? नेमका शब्द सांगा."

मी आठवत बसले. आडनाव काय. गाव. बरं. समजून घे. यात शब्द कुठे होता?

"मग लिहू काय?" साहेब म्हणाले. चिडून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही सांगता येईना. पुतण्याला साक्षीसाठी फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी काय बोलणार, घरातली गोष्ट आहे." नंतर त्यानं फोन उचलला नाही.

साक्रीमार्गे घरी गेले. माय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात चालूच.

"तुले ते काम येस ना?"

"येतं."

"मंग तू बाहेर काब्र उभी ऱ्हायनी?"

का उभी राहिलीस, एवढंच तिला विचारायचं होतं; आवाजात राग नव्हता. खाली बसून मी फुलं पसरू लागले.

पुढं धुळ्यात एका ऑफिसात मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मैत्रिणी म्हणाल्या होत्या, घरगुती कारण सांग, कोणी खोलात जात नाही. मी घरगुती कारण सांगितलं नाही. मला दाराबाहेर उभं करून माझ्याकडून काम करून घेत होते, म्हणून सोडली, असं सांगितलं. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं पेनाचं टोपण लावलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

दोंडाईच्याला पुन्हा तेच झालं.

पोलिसांना हवा होता तो शब्द माझ्याकडे नाही. घडलेलं तेवढं आहे. पुढच्या ठिकाणीही विचारतील, तिथेही हेच सांगणार आहे. नोकरी मिळेपर्यंत. आणि मिळाल्यावरही.