पांढऱ्या पानांना बावचीचं तेल

दार उघडलं आणि आधी वास आला. बावचीच्या तेलाचा. तेवीस वर्षांनी आला तरी नाकाने लगेच ओळखला. आमच्या नल्लकुंट्याच्या घरात आता हे तेल कुणाला?

हे तेल कोडावर लावतात. नवव्या वर्षी माझ्या डाव्या कोपरावर पहिला पांढरा डाग उठला, तेव्हापासून आईने ते मला रोज चोळलं. तेल लावायचं आणि उन्हात बसायचं, असा हकीमसाहेबांचा हुकूम. बाकीच्या पोरी जिन्यात सागरगोटे खेळायच्या, मी गच्चीवर बाही वर करून बसलेली. फोड यायचे, फुटायचे. आई फुंकर घालायची आणि जखम वाळली की पुन्हा तेच. एकविसाव्या वर्षी मीच बाटली मोरीत ओतली. तोवर कोड मानेपर्यंत चढलं होतं. स्थळं यायची, चहा प्यायची, जायची. मरू देत! नोकरी लागली आणि मी सुटले.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने कुंडीतला एक मॉन्स्टेरा आणला. पांढऱ्या डागांचा, सहसा न मिळणारा. एक पान दुसऱ्यासारखं नाही. कुठे हिरव्यावर शिंतोडे, कुठे अर्धं पान दुधासारखं. नखरे म्हणाल तर नव्या नवरीचे. थेट ऊन चालत नाही, पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. हॉलमधल्या पडद्याआड मी त्याला ठेवलं होतं आणि दर रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होते. आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मार्चमध्ये नवं पान उलगडलं, जवळजवळ सगळं पांढरं. मी तर घरभर नाचले.

"पसरतंय की गं," आई म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. तेव्हाच माझं टाळकं ठिकाणावर असतं तर!

एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाने चार दिवस पुण्याला गेले. परत आले तो हा वास. पडद्याआडचा कोपरा रिकामा. गॅलरीत धावले. भर दुपारच्या उन्हात माझं झाड कठड्याला टेकून उभं. पानं तेलाने चकाकत होती. पांढरं म्हणून जेवढं होतं तेवढं सगळं निखाऱ्यावरच्या पापडासारखं तपकिरी झालेलं. पुढच्या पानाची सुरळी काळी पडलेली. शेजारी स्टुलावर बाटली आणि कापसाचा बोळा.

तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! काय करून ठेवलंस हे? कुणी सांगितला होता तुला हा उद्योग?"

आई पदराला हात पुसत आली. तिचा चेहरा अगदी शांत. "वरडू नको. चार दिवसांत कुठं फरक पडतो? तेच तेल हाये. ऑटो करून आबिड्सच्या बाजारात गेले. जडीबुटीवाला पन्सारी म्हणला, 'अम्मा, किसकू होना?' कुणाला पायजे म्हणून. म्हणलं, घरात एकाला झालंय." मग तिने आवाज खाली आणला. "तुझ्या येळेला उशीर केला आम्ही. ह्याचं तरी येळेवर होऊ दे. येणारे-जाणारे म्हणतील, हिचंच लागलं झाडाला."

या बाईने दोन वर्षं माझ्या झाडाकडे बघितलं नव्हतं ते यासाठी!

"अगं, तो रोग नाही," कसंबसं म्हणाले. "जन्मापासून ते तसंच आहे. या डागांसाठीच लोक शोधत फिरतात. जितकं पांढरं तितका भाव. नुसतं हिरवं असतं तर कुणी विचारलंही नसतं."

"डागांसाठी?"

"हो. डागांसाठी."

आई मटकन स्टुलावर बसली. बाटली कलंडली, तिचं लक्ष नव्हतं. जळक्या पानाला तिने बोट लावलं, मग माझ्या कोपराकडे बघितलं, मग मानेकडे.

"मग तुला बारा वर्षं उन्हात कामून बसवलं गं मी?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. एखाद्या भांडणात तिच्या तोंडावर फेकायचा म्हणून. तिनेच विचारला, आणि मला रडू फुटलं.