फ्रेंच शेपू

माझं फ्रेंच डोळ्यांना येतं, तोंडाला येत नाही. वनस्पतिशास्त्र शिकताना पुस्तकांतून उचललेलं. अर्थ लागतो, उच्चारांच्या नावानं मात्र बोंब. तरी इथल्या अमेरिकन विद्यापीठानं एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची पत्रं टाइप करायचं काम मला दिलं. हा गृहस्थ झाडपाला गोळा करत सह्याद्रीत भटकला होता, आणि आमच्या ऑफिसात सह्याद्री पाहिलेली मी एकटीच.

पत्रं पॅरिसमधल्या गुरुजींना लिहिलेली. त्यांत झाडं थोडी आणि कुरकुर फार. टिपकागद ओले होतात, बैल अडून बसतात, वगैरे. मला तो मनापासून आवडायला लागला होता. पण एका शब्दानं वैताग आणला. 'चेपाऊ' नावाची काहीतरी वनस्पती त्याला सकाळी भेटायची, संध्याकाळी पुन्हा भेटायची, आणि मला एकाही कोशात सापडत नव्हती.

त्याच सुमारास बाबा मॉरिसव्हिलला आमच्याकडे आले होते आणि पार कंटाळले होते. नातीशी बोलायला जावं, तर ती इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर देऊन वर पळणार. एका शनिवारी ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे गं. इथं माझं कुणाशी बोलणंच होत नाही." मला फार वाईट वाटलं. मी लॅपटॉप उघडून पत्रात डोकं घातलं आणि तो शब्द पुटपुटत बसले.

लेक शाळेत फ्रेंच शिकते. ती मागून आली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "मॉम, इट्स नॉट चेपाऊ! फ्रेंचमध्ये सी-एच इज 'श', ओ-यू इज 'ऊ'. इट्स शेपू."

सोफ्यावर मोबाइलमध्ये पेपर वाचणारे बाबा तिथूनच ओरडले, "शेपू असेल तर मला नुसता वरणभात वाढ!"

मी हसत सुटले. बिचाऱ्या फ्रेंच साहेबाच्या पानात दोन्ही वेळा शेपू पडत होता, आणि मी दुर्मीळ वनस्पती शोधत बसले होते.

लेक मात्र आजोबांकडे बघतच राहिली. "आजोबा, यू नो फ्रेंच?"

"येतं की थोडंफार," बाबा बेधडक म्हणाले.

ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. ती फ्रेंच वाचायची, बाबा झाड ओळखायचे. उंबर. चिंच. मग आलं 'जांबूल'.

"जांभूळ," बाबा म्हणाले. "ळ म्हण, ळ. जीभ मागे वळव."

"जांभूल."

"असू दे. त्या साहेबालाही जमलं नव्हतं."

ती पाणी प्यायला उठली, तसं बाबांनी मला हळूच विचारलं, "पत्रं अजून बरीच आहेत का गं?"

पत्रं संपत आली होती.

"खूप आहेत, बाबा."

"मग तिकिटाचं राहू दे सध्या," ते म्हणाले आणि जरा सरकून त्यांनी तिच्यासाठी जागा करून ठेवली.