झाकण लावलेलं मशीन

“प्रोसेसर खोटं बोलत न्हाई सर, खोटं बोलतो तो माणूस,” असं संगमेशअप्पा एकदा सुदर्शन सरांना म्हणाले, आणि त्या एका वाक्यानं सुकन्याची नोकरी गेली.

सरांचा लातुरात क्लास. दर रविवारी चारशे पोरांची परीक्षा. उत्तरपत्रिका स्कॅन केल्या की गुण संगणकच काढायचा. एप्रिलात ते गुण चुकायला लागले. गुण विकले जातायत म्हणत पालक दारात आले. ऑपरेटर सुकन्या, देवणीची पोरगी, म्हणत राहिली, “मी कशालाच हात लावला न्हाई हो.” सरांनी दुरुस्तीवाल्या अप्पांकडं मशीन पाठवलं.

अप्पांची तीस वर्षांची रीत होती. आधी बाजूचं झाकण काढायचं, ब्लोअरनं धूळ उडवायची, टेबलफॅन लावायचा, मग तपासायचं. त्यांनी रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. प्रोसेसरवर संशय घेतला नाही. उभ्या जन्मात तीनच बिघडलेले पाहिले होते. मशीन दिवसभर बिनचूक चाललं. अप्पांनी दुकानाच्या कागदावर लिहून दिलं, ‘मशीन ठणठणीत आहे.’ सरांनी तो कागद पालकांसाठी फळ्यावर लावला. संध्याकाळी सुकन्या देवणीच्या गाडीत बसली.

मे महिन्यात सरांचा फोन आला. ऑपरेटर नवा, गुण पुन्हा चुकलेले.

“आता ह्यालाबी काढू का, अप्पा?” सर हसले. अप्पांना हसू आलं नाही.

या खेपेला ते स्वतः क्लासमध्ये गेले. मशीन लोखंडी कपाटात, झाकण बंद, वर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर दसऱ्याचं हळदी-कुंकू. हात लावला तर तव्यासारखं. तसंच ठेवून त्यांनी त्याच चाळीस उत्तरपत्रिका तीनदा तपासायला लावल्या. तिन्ही वेळा गुण वेगळे. प्रोसेसर बदलला, आता मशीन तापलं तरी गुण बरोबर. काढलेला प्रोसेसर त्यांनी दुकानातल्या चांगल्या मशीनमध्ये बसवला, झाकण लावलं, वर गोधडी टाकली. तासाभरात तेही चुकायला लागलं.

अप्पा अंगठ्याला लागलेली प्रोसेसरवरची पांढरी पेस्ट पुसत बसले. अंगठा कधीचाच कोरडा झाला होता. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक तापलेल्या मशीनला आधी वारा घातला होता, आणि मग विचारलं होतं, काही दुखतंय का?

त्यांनी सुकन्याला फोन लावला.

“पोरी, चूक माझी हाय. प्रोसेसरच खराब निघाला.”

“मला सांगून काय करू, अप्पा? इथं समदे मला गुण विकणारी म्हणायलेत. तुमचा कागद हाय ना अजून फळ्यावर?”

“हाव, हाय.”

“मग तिथं बोला.” फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. “सापडलं ना? मिटलं मग. पण बाहेर बोलू नका, अप्पा. प्रवेशाचे दिवस हायत. महिनाभर चुकीचे गुण वाटले म्हणून सांगू का लोकांना? अन् त्या पोरीला दुसरी नोकरी मिळंल की.”

अप्पांनी पिशवीतून दुकानाचा कागद काढला आणि लिहिलं, ‘प्रोसेसर खराब होता. माझी तपासणी चुकली. सुकन्याचा दोष नाही.’ खाली सही केली. चहा तसाच ठेवून ते फळ्यापाशी गेले. जुना कागद राहू दिला. त्याच्याच टाचणीनं नवा त्याच्यावर लावला. प्रवेशाच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं वाचू लागली.

“अप्पा, काढा ते!” सर दारातून ओरडले. “लातुरात धंदा करायचाय ना तुम्हाला?”

अप्पांनी ब्लोअरची पिशवी खांद्याला अडकवली, वाकून चपला घातल्या, आणि बाहेर पडले.