पातळ की जाड

सोलापुरात उन्हाला भिणारी माणसं घरोघरी सापडतील, पण आपल्या मोटारसायकलच्या वतीने उन्हाला भिणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा जेऊरकडचा, आता जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहिलेला, सरकारी कचेरीत कारकून. अंगानं असा दणकट आणि आवाजानं असा भारदस्त, की अनोळखी माणूस त्याला पत्ता विचारायलाही बिचकेल. पण उन्हं तापायला लागली, की हाच माणूस पार्किंगमधल्या आपल्या जुन्या मोटारसायकलकडे तापानं फणफणलेल्या लेकराकडे पाहावं तसा पाहायला लागतो.

त्याला भीती एकच. इंजिनातलं ऑईल उन्हानं पाण्यासारखं पातळ होईल, आतले लोखंडी भाग एकमेकांवर घासतील, इंजिन जाम होईल, मागचं चाक जागच्या जागी अडकेल आणि त्याच वेळी मागून ट्रक येत असेल. हा ट्रक त्याच्या बोलण्यात नेहमी मागूनच येतो. ही भीती अगदी हवेतली नव्हती. तरुणपणी जेऊरच्या रस्त्यावर एका मित्राच्या मागे बसून जाताना त्या गाडीचं इंजिन खरंच जाम झालं होतं. दोघे रस्त्यावर पडले आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. मित्र कपडे झटकून हसला. हा मात्र आजतागायत हसलेला नाही.

तेव्हापासून इंजिनात कोणत्या जाडीचं ऑईल घालावं हा त्याच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न होऊन बसला. "दाजी," तो मला म्हणायचा, "टेन-थर्टी पातळ हाय. सकाळी गाडी पटकन चालू हुती, पर आपल्या उन्हात टिकंल का? ट्वेंटी-फिफ्टी जाड हाय, उन्हात टिकंल, पर चालू केल्या केल्या वरपतोर चढंल का?" कंपनीचं पुस्तक पातळ घाला म्हणायचं. मेस्त्री म्हणायचा, गाडी जुनी झालीय, जाड घाला. दुकानदाराकडे जे शिल्लक असेल ते चांगलं असायचं. एवढ्यावर त्याचं समाधान होत नसे. दाताच्या डॉक्टरनं त्याच्या तोंडात कापूस कोंबला असतानाही त्यानं हाताच्या खुणांनी डॉक्टरच्या गाडीत कोणतं ऑईल आहे हे विचारून घेतलं होतं. एका दूरच्या नातलगाच्या दहाव्याला गेलो, तर कावळ्याची वाट पाहत सगळे उभे असताना हा मयताच्या पुतण्याला बाजूला घेऊन कुजबुजत होता, कारण पुतण्या गॅरेजात कामाला होता.

रोज सकाळी इंजिनातली ऑईल मोजायची काडी उपसून ऑईलचा थेंब चिमटीत घासून पाहायचा, वास घ्यायचा आणि मगच अंघोळ. ही सवय इतकी अंगात मुरली, की एकदा आमच्या घरी जेवताना भाजीवरचा तेलाचा तवंग त्यानं नकळत बोटांत घासला आणि गंभीरपणे म्हणाला, "पातळ हाय." माझी बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, जणू साडू मी निवडून आणला होता. त्याच्या मागे बसलेल्या माणसानं बोलायचं नाही असा नियम होता, कारण त्याला इंजिनाचा आवाज ऐकायचा असे. चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही. दुपारी गाडी काढायची नाही. सुरुवातीला मी हसायचो. पण त्याच्या मागे बसून बसून मलाही इंजिनात काहीतरी खरखरल्यासारखं ऐकू यायला लागलं, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला माझे खांदे आपोआप आखडायला लागले.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यानं मला ऑईल बदलायला बोलावलं. मला गाडी चालवताही येत नाही, पण त्याला अशा वेळी कुणीतरी जवळ लागतं. मी रिक्षानं पोचलो तेव्हा जुनं काळं ऑईल खालच्या तसराळ्यात उतरून बोल्ट पुन्हा आवळून झाला होता आणि पायरीवर नवे दोन डबे शेजारी शेजारी उभे होते, एक पातळ, एक जाड. तो दोन्ही डब्यांपुढे उकिडवा बसून होता. तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन आला. सासूबाई सकाळपासून फोन उचलत नव्हत्या.

सासूबाई मोहोळच्या पलीकडे रानातल्या वस्तीवर एकट्या राहायच्या. शेजारची सगळी माणसं लग्नाला गेलेली. मोहोळपर्यंत एसटी मिळाली असती, पण तिथून वस्तीवर जायला दुपारचं काहीच मिळत नाही. मी साडूला हे सांगितलं. त्यानं दोन डब्यांकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता हे संध्याकाळपर्यंत चालणार.

"दाजी, कंचं?" त्यानं विचारलं.

"कुठलंही घाला, पण निघू या."

"ऊन लई हाय," तो म्हणाला, आणि जाड ऑईलचा डबा फोडून त्यानं ओतायला सुरुवात केली. नरसाळं शोधायलाही थांबला नाही. थोडं इंजिनावर सांडलं, थोडं चपलेवर. काडी बुडवून पाहिली आणि गाडीला किक मारली.

पुणे रस्त्याला लागल्यावर काटा चाळीसच्या वर गेला, मग पन्नासच्या, मग साठच्याही. डांबरावरून वाफा उठत होत्या. सांडलेलं ऑईल जळल्याचा वास नाकात जात होता आणि नडग्यांना इंजिनाची धग लागत होती. एकदा तो मान किंचित वळवून म्हणाला, "दाजी, चाक अडकलं तर डाव्या अंगाला उडी मारा. मला धरू नका." त्यानंतर मी त्याच्या शर्टाला दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. मागून ट्रक येत होते, खरेखुरे, एकामागून एक. त्याच्या पाठीचा घाम माझ्या मुठींना लागत होता. हा माणूस आपल्या सगळ्यांत मोठ्या भीतीवर बसून ती सत्तरच्या वेगानं पळवत होता, आणि सासूबाईंचं काय झालं असेल या विचारापुढे मला ते तेव्हा दिसलंही नाही.

वस्तीवर दार उघडं होतं. सासूबाई हौदापाशी पडलेल्या होत्या, अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं, तोंडानं काहीतरी असंबद्ध पुटपुटत होत्या. मी जागच्या जागी उभा राहिलो. साडूनं मात्र त्यांना उचलून लिंबाच्या सावलीत बाजेवर ठेवलं, हौदातलं पाणी घागरीनं त्यांच्या अंगावर ओतलं, ओल्या टॉवेलनं वारा घातला. "मामी, डोळं उघडा की," तो सारखा म्हणत होता. सासूबाईंना तो मामी म्हणतो. मी फोन केला तर ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले, तेव्हा त्यानं त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं आणि मोहोळच्या दवाखान्याकडे गाडी काढली. वाटेत त्यांची मान माझ्या हातावर कलंडली होती. एकदा त्यांनी पुसटसं म्हटलं, "जावईबापू, हळू." त्यानं वेग कमी केला नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सलाईन लागली, सासूबाई शुद्धीवर आल्या, तेव्हा कुठे साडू बाहेरच्या बाकावर बसला. मला वाटलं, आता हा उठून गाडीपाशी जाईल. पण तो गेला नाही. "मामीला आता वस्तीवर ठिवायचं न्हाय," एवढंच म्हणाला.

सासूबाई त्याच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आल्या आणि त्याच्या भीतीनं घर बदललं. ऑईल मेस्त्री घालील ते. हा मात्र भर दुपारी ऑफिसातून येऊन सासूबाईंच्या कपाळाला हात लावून जायचा. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, दर तासाला ताक, पंखा सारखा चालू. सासूबाई माझ्या बायकोकडे गाऱ्हाणं करायच्या, "ह्यो जावई मला सावलीतनं हलू दीना बाई," आणि सांगताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा. त्यांचे पुढचे उन्हाळे असे त्यानं जागता पहारा देऊन काढले.

गेल्या पौषात, पहाटेच्या गारठ्यात, गोधडीत झोपलेल्या असतानाच त्या गेल्या. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. माणसं येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडू गच्चीच्या कठड्यापाशी उभा होता, अंगात स्वेटर, हात बगलेत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"दाजी," तो म्हणाला, "थंडीचं माझ्या मनातच आलं न्हाय."

खाली रस्त्यावर कोवळं ऊन पसरलं होतं, आणि त्या उन्हात थोडा वेळ बसू या, असं म्हणून मी त्याला हाताला धरून जिन्यानं खाली घेऊन आलो.