कार्डावरची फुकट रात्र

ते कार्ड घेतलं तेव्हा आपण मोठा शहाणपणा केला असं मला वाटलं होतं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी विक्रीचं काम बघतो. महिन्यातला निम्मा काळ बाहेर जातो. कधी इंदूर, कधी हैदराबाद, कधी रायपूर. हॉटेलचं बिल आधी आपण भरायचं, मग कंपनी परत करते. अशाच एका हॉटेलच्या काउंटरवर मला माहिती मिळाली, की त्यांच्या नावाचं क्रेडिट कार्ड घेतलं तर प्रत्येक खर्चावर पॉइंट जमतात आणि वर्षात ठरावीक रकमेचा खर्च झाला की त्यांच्या कुठल्याही हॉटेलात दोघांना एक रात्र फुकट. कार्डाला वर्षाची फी होती, पण खोलीचं एका रात्रीचं भाडं फीपेक्षा कितीतरी जास्त. मी लगेच सही केली.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्ही अर्धा महिना हॉटेलातच राहता. आणि बक्षीस काय, तर अजून एक रात्र हॉटेलात?"

ती शाळेत शिकवते, तिचं बोलणं असंच असतं. मी हसून सोडून दिलं. माझ्या मनात वेगळंच होतं. अशा हॉटेलांमध्ये मी एकटा उतरायचो, सकाळी नाश्त्याला आजूबाजूच्या टेबलांवर कुटुंबं बसलेली दिसायची. बायका सावकाश चहा पीत असायच्या, कुणालाच कुठं जायची घाई नसायची. आमचं गाव धावडा. तिथून जालन्याला आलो, घर बांधलं, मुलीला शिकवलं, पण बायकोला असं निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती फुकट रात्र मला तिच्यासाठी हवी होती. निदान सुरुवातीला तरी तसंच होतं.

मग कंपनीनं दौरे कमी केले. बऱ्याच बैठका मोबाईलवरच व्हायला लागल्या. वर्ष संपत आलं आणि खर्चाची रक्कम काही गाठली जाईना. तेव्हा मी एक युक्ती काढली. मेव्हण्याला गाडीचे टायर घ्यायचे होते, मी म्हणालो, पैसे मला दे, मी कार्डावर भरतो. साडूच्या घरचा फ्रिज असाच घेतला. शेजारच्या एकाची मोटार पंपाची खरेदीही अशीच झाली. लोकांना वाटायचं, हा माणूस धावून येतो. दुकानात सोबत येतो, घासाघीस करतो, वर स्वतःचं कार्ड पुढं करतो. मेव्हणा तर चारचौघांत म्हणाला, "दाजींसारखा माणूस न्हाई." मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. पॉइंट मिळत होते आणि वर कौतुकही.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाद्या भरायचं एक दुकान आहे. दुकान एक तरुण मुलगा चालवतो. त्याच्या आईला सगळी गल्ली खाला म्हणते. गाद्यांच्या आणि रजयांच्या खोळी तीच शिवते, दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी. आम्ही दोघं कामावर असायचो तेव्हा आमची मुलगी शाळेतून थेट तिच्याकडे जायची. जेवायची, कापसाच्या ढिगावर झोपायची, संध्याकाळी केसात कापूस घेऊन घरी यायची. तिचं अर्धं बालपण त्या खिडकीपाशी गेलंय.

खालाला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायचं होतं. किती वर्षांपासून ते कुणालाच ठाऊक नाही. खोळींच्या शिलाईतून ती पैसे बाजूला टाकत आलेली. मुलानं कितीदा म्हटलं, मी घालतो पैसे, पण ती ऐकेना. तिथं आपल्याच कमाईनं जायचं, आणि जाताना कुणाचं काही देणं ठेवायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. घनसावंगीचा तिचा धाकटा भाऊ आणि भावजय निघाली, तशी तिचीही सोबत ठरली.

एका दुपारी मी दुकानासमोरून जात होतो, तर मुलगा शटर खाली ओढत होता. म्हणाला, "अम्मीचे पैसे भरायला टूरवाल्याकडं चाललो, भाऊ."

माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं. टूरची रक्कम लाखाच्या वर. माझं राहिलेलं सगळं एका झटक्यात पूर्ण होणार होतं.

"एवढी रोख घेऊन कशाला फिरता?" मी म्हणालो. "मी येतो. कार्डावर भरतो, रोख मला द्या."

तो घुटमळला. "अम्मीला उधारीचं चालत न्हाई, भाऊ. तिनं साफ सांगितलंय."

"यात उधारी कुठं आहे? पैसे तुमचेच. फक्त माझ्या हातून जाणार."

त्याला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मी वयानं मोठा, आणि मदत म्हणून पुढं आलेला. त्यानं शटरला कुलूप लावलं. आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. ऑफिसात मालक कागद बघत असताना मला एका डीलरचा फोन आला, मी बाहेर जाऊन बोललो. परत आलो तर मशीन तयार होतं. मी पिन टाकला. मोबाईलवर मेसेज आला आणि माझं लक्ष्य पूर्ण झालं. परतताना मी त्याला चहा पाजला. त्याच्याकडून घेतलेली रोख दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात भरली आणि विसरून गेलो.

जायच्या आधी खाला सगळ्या गल्लीत घरोघरी गेली. उमऱ्याला जाणारी माणसं निघण्यापूर्वी सगळ्यांना भेटतात, झालं-गेलं माफ करा म्हणतात. रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली, बरोबर मुलगा होता. पांढरी ओढणी घेतलेली, खुर्चीवर नीट बसली. बायको चहा ठेवायला आत गेली.

"बेटा," खाला म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्याकडून काही कमी-जास्त बोलणं झालं असंल, तर माफ कर."

"असं काय बोलता खाला," मी म्हणालो. "उलट आमच्याच पोरीला तुम्ही सांभाळलं."

"न्हाई, म्हण. माफ केलं म्हण."

मी म्हणालो. मग तिनं विचारलं, "टूरवाल्याचं तू भरलं म्हणे. ते बराबर झालं ना? कुणाचं देणं न्हाई ना राह्यलं?"

"सगळं झालं, खाला."

बायको चहा घेऊन येत होती. तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज म्हणाली, "अहो, पण त्या कार्डाचं बिल पुढच्या महिन्यात भरायचंय म्हणालात ना?"

खालानं माझ्याकडं पाहिलं. "बिल म्हणजे?"

मला समजावून सांगावं लागलं. बँकेनं टूरवाल्याला पैसे दिले, मी बँकेला देणार. मी ते अगदी सोपं करून, हसत हसत सांगायचा प्रयत्न केला.

"मंग माझे पैसे?"

"माझ्या खात्यात आहेत."

"म्हणजे मी बँकेच्या पैशानं चालले," ती हळूच म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मुलगा फरशीकडं बघत होता. "भाऊ स्वतःहून म्हणाले, अम्मी. त्यांचं मन कसं मोडायचं?" आणि मग थांबून म्हणाला, "कार्डानं भरलं म्हणून टूरवाल्यानं दोन टक्के जास्तीचे घेतले. ते मी दिले."

हे मला माहीत नव्हतं. मी बाहेर फोनवर बोलत होतो तेव्हा त्यानं ते खिशातून दिले होते आणि मला कळू दिलं नव्हतं, कारण मी त्यांच्यावर उपकार करत होतो. समोर चहाचे कप होते, कुणी उचलत नव्हतं.

खाला रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "तू असं का केलंस, बेटा?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण हॉटेलात एक रात्र फुकट मिळावी म्हणून, हे शब्द त्या पांढऱ्या ओढणीसमोर तोंडातून निघेनात. "थोडी गरज होती, खाला," मी म्हणालो.

तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "मंग सांगायचं ना. आपल्या माणसाला असं आडून मागावं लागतं का?"

मला अडचण आहे आणि म्हणून मी तिची रोख काही दिवस वापरली, असं तिनं धरलं. मी ते दुरुस्त केलं नाही. बायको माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही.

तिथंच बसून मोबाईलवरून मी बिलाची सगळी रक्कम भरली. पण भरणा जमा झाल्याचं लगेच दिसेना, उद्यापर्यंत दिसेल असं येत होतं. खाला म्हणाली, "उद्या सकाळी गाडी हाये. दिसलं की मला सांग." चहा तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मोबाईल उघडून पाहिला. रक्कम जमा झाली होती. दुकानासमोर गाडी उभी होती, गल्लीतली माणसं जमली होती, कुणी हार घालत होतं, कुणी बॅगा चढवत होतं. मी खालाला बाजूला घेऊन सांगितलं, "जमा झालं. काहीच बाकी नाही." दोन टक्क्यांचे पैसे मी पाकिटात आणले होते, ते मुलाला द्यायला लागलो, तर तो मागं सरकला. "राहू द्या, भाऊ."

"घे," खाला म्हणाली. "देऊ दे त्याला."

त्यानं घेतले. ती नको म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं घ्यायला लावले, कारण निघताना तिला सगळं साफ हवं होतं, आणि त्यात माझ्या बरं वाटण्याचा काही संबंध नव्हता.

थोड्याच दिवसांत फुकट रात्रीचा मेसेज आला. माझी इच्छाच उरली नव्हती, पण बायको म्हणाली, "वाया घालवून काय होणार? चला." आम्ही संभाजीनगरला गेलो. खोली चांगली होती, पडदे जाड होते, टेबलावर फळं ठेवलेली. संध्याकाळी बायको खिडकीपाशी बसली. जसं मी मनात पाहिलं होतं तशीच, हातात चहाचा कप, कुठली घाई नाही. आणि तिनं विचारलं, "तुम्हाला गरज होती असं खालांना का सांगितलंत?"

"तोंडातून गेलं."

"तुम्हाला आठवतं का, आपली पोरगी त्यांच्याकडं जेवायची तेव्हा त्यांनी एकदा तरी काही घेतलं का?"

खाली हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाच्या स्वागताची तयारी चालली होती, माणसं खुर्च्यांना कपडे चढवत होती. आम्ही ते बघत बसलो. सकाळी नाश्ता करून आम्ही लवकरच निघालो. बारापर्यंत खोली वापरता येईल असं काउंटरवर सांगत होते, पण दोघांनाही थांबावंसं वाटलं नाही.

खाला परत आली तेव्हा काळवंडली होती, पाय सुजले होते, पण बोलण्यात उत्साह होता. आलेल्या प्रत्येकाला खजूर आणि छोट्या बाटलीतून मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी देत होती. मी मुद्दाम उशिरा गेलो, गर्दी कमी झाल्यावर. तिनं मला जवळ बसवलं. आवाज खाली केला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुझ्यासाठी दुआ केली मी तिथं," ती म्हणाली. "तुझं कर्ज फिटू दे म्हणून. रोज केली. कुणाला सांगितलं न्हाई हं, फिकर करू नको."

एवढ्या लांब जाऊन, त्या सुजलेल्या पायांनी, तिनं माझ्या नसलेल्या कर्जासाठी रोज हात पसरले होते. मी कुठं बघावं ते मला कळेना. गप्प बसणं सोपं होतं, तिनं मला सगळी वाट मोकळी करून दिली होती. पण त्या दुआचं ओझं घेऊन मला त्या खोलीतून उठता येईना.

"खाला, मला कर्ज नव्हतं," मी म्हणालो. "त्या कार्डावर एवढा खर्च केला की हॉटेलात एक रात्र फुकट मिळते. त्यासाठी केलं मी ते. तुम्हाला खोटं सांगितलं."

तिनं हातातला खजूर ताटात परत ठेवला.

"हॉटेलात," ती म्हणाली.

"हो."

"मंग गेलात का?"

"गेलो."

"चांगलं होतं?"

"होतं."

"बरं," ती म्हणाली. जराशानं तिनं ताटातले खजूर कागदात बांधले, सगळ्यांना दिले तेवढेच, आणि माझ्या हातात दिले. "पोरीला पण दे," एवढंच म्हणाली, आणि पुढं आलेल्या बाईकडं वळली.

कार्ड मी बंद करायचं ठरवलं. हिशेबानं बघितलं तर ते तोट्याचं नव्हतं. माझ्यासारख्या फिरणाऱ्या माणसानं फक्त कंपनीचे खर्च त्यावर टाकले आणि बिल वेळेवर भरलं, तर वर्षाची फी निघून वर काही हातात राहतं. कुणी विचारलं तर मी आजही तसंच सांगेन. पण लक्ष्य गाठायला थोडं कमी पडलं, की मी माणसांकडं कोणत्या नजरेनं बघायला लागतो, हे मला कळलं होतं.

बँकेला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. या वर्षीची फी माफ करते म्हणाली, वर जास्तीचे पॉइंट देते म्हणाली. मी नको म्हणालो.

"बंद करण्याचं कारण काय लिहू, सर?"

खरं कारण काय सांगायचं ते मला पुन्हा सुचलं नाही. "वापर होत नाही," मी म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं.